मागून आणलेली खेळणी

आमच्या धोंडूला पाच वर्षांचा होईपर्यंत नवं काही द्यायचं नाही, असा वहिनीचा नवस होता. अंगडं नवं नाही, टोपरं नवं नाही, खुळखुळासुद्धा नवा नाही. त्याच्या हाताला, अंगाला जे लागेल ते दुसऱ्याच्या घरून मागून आणलेलं, वापरून मऊ पडलेलं असायला हवं. आता हे सांगितलं की लोक माझ्याकडे असे बघतात, जशी काही मी जंगलात वाढले. जंगलात नाही बाबांनो, जोगेश्वरीत वाढले. घरात रेडिओ होता, मी कॉलेजात जात होते, दादा अंधेरीच्या एका कारखान्यात फिटर होता. पण धोंडूच्या आधी वहिनीला एक मुलगी झाली होती, सुवर्णा. तिच्यासाठी सगळं नवंकोरं आणलं होतं, पाळण्यापासून पायातल्या वाळ्यांपर्यंत. धड चालायला लागली नव्हती तेव्हा तापात गेली. त्यानंतर आमच्या घरात तिचं नाव कुणी घेतलं नाही. म्हणून हा मुलगा झाला तेव्हा आईनं त्याला सुपात घालून क्षणभर केराच्या ढिगापाशी ठेवला, पुन्हा उचलला आणि धोंडू म्हणून हाक मारली. जो कोण पोरं नेतो त्याला वाटावं, हे तर कुणाला नको असलेलं पोर आहे, याच्याकडे काय बघायचं! शाळेसाठी एक चांगलं नाव काढून ठेवलं होतं, पण ते उच्चारायची कुणाची छाती नव्हती.

आमची बैठी चाळ गुंफांच्या बाजूला चढावर होती. दोन खोल्या, पुढे हातभर ओटा, आणि त्या दोन खोल्यांत आई, बाबा, दादा, वहिनी, धोंडू आणि मी. विमानं इतकी खालून जायची की बोलणं अर्ध्यात थांबवावं लागायचं. आम्ही बोट वर करून थांबायचो आणि विमान गेलं की तिथूनच पुढचा शब्द घ्यायचो. पाहुणे हसायचे, आम्हाला त्यात काही विशेष वाटायचं नाही. सकाळी स्टोव्हला पंप मारल्याचा आवाज, मग त्याचं फुरफुरणं, मग उकड्या तांदळाच्या पेजेचा वास. पेजेबरोबर भाजलेली सुकट किंवा लोणच्याची फोड. रात्रीच्या जेवणाला कुळथाची पिठी ठरलेली. आईचे हात सतत कशात तरी असायचे, निवडण्यात, वळण्यात, घासण्यात. बाबा म्हणायचे, हिचे हात बांधून ठेवले तर ही पायानं भाकरी थापेल.

हात बांधलेले होते ते धोंडूचे. खरोखर बांधलेले नाहीत हो, पण त्याहून वेगळं काही नव्हतं. दोन वर्षं उलटली तरी तो वहिनीच्या कडेवरून उतरत नव्हता, कारण ती उतरवत नव्हती. जमिनीवर गारवा, ओट्यावर पायरी, मोरीत शेवाळ, स्टोव्हजवळ आग. भरवायची ती, पाणी पाजायची ती, त्यानं एखाद्या वस्तूकडे हात केला की हात पकडून मागे घ्यायची तीच. दुधानं तोंड पोळलेला माणूस ताक फुंकून पितो म्हणतात, आमची वहिनी तर पाणीसुद्धा फुंकून प्यायची. तिला कोण काय बोलणार? आई म्हणायची, जाऊ दे, तिचं दुःख तिला ठाऊक. आणि धोंडू हळूहळू हात करायचाच थांबला. नुसतं तोंड उघडायचा आणि वाट बघायचा. ताटलीत समोर भात असला तरी बोट लावायचा नाही. एक दिवस शेजारच्या दळवीकाकू सहज बोलून गेल्या, "अगं, जरा मंद आहे का हा?" वहिनीनं ऐकलं. आत जाऊन भिंतीकडे तोंड करून बसली. मला दळवीकाकूंचा असा राग आला! पण खरं सांगायचं तर धास्ती मलाही होती. पोर जगवायच्या नादात आपण त्याचं लाकूड करून टाकतोय, हे मला दिसत होतं आणि बोलायची हिंमत होत नव्हती.

त्यातच वहिनीचा भाऊ आखातातून सुट्टीवर आला. हा आमचा सगळ्यांचा मामा. येताना सेंटच्या बाटल्या, शर्टाची कापडं आणि धोंडूसाठी सेलवर चालणारी लाल मोटार. चालू केली की दिवे लागायचे, भोंगा वाजायचा, भिंतीला आपटली की आपोआप वळायची. सगळी चाळ बघायला आली. वहिनीचा चेहरा मात्र पांढरा पडला. भावाला नाही कसं म्हणणार, आणि घेतली तर नवस मोडतो. "वर ठेवू या ना," एवढंच ती भावाला म्हणाली. मामाला लागलं ते. "वर ठेवायला आणली का मी? नुसती बघायला दुकानात काय वाईट होती?"

शेवटी आईनं डोकं चालवलं. नवस देवाशी असतो, पण त्यात फट शोधायला आम्हा कोकणातल्या माणसांना कुणी शिकवावं लागत नाही. आई म्हणाली, मोटार आजची रात्र दळवींकडे राहू दे, त्यांचा पोरगा खेळेल, मग ती वापरलेली झाली. उद्या सुलू जाऊन मागून आणेल. देवाच्या बापाला काढता येणार नाही चूक! झकास. मोटार दळवींकडे गेली. दुसऱ्या दिवशी मी मागायला गेले तर त्यांच्या चार वर्षांच्या पोरानं मोटार पोटाशी धरून असं भोकाड पसरलं की पुढच्या गल्लीतली माणसं धावत आली. दळवीकाकूंनी त्याला चापट मारली, त्यानं मोटार आपटली, एक चाक मोरीत गेलं. भोंगा तेवढा वाजत राहिला, सेल संपेपर्यंत. मामा आखातात परत गेला तो फुगूनच.

त्या सगळ्या गोंधळात मी एक गोष्ट बघितली होती. मोटार आमच्या खोलीत गरागरा फिरत होती तेव्हा धोंडूनं एकदा तिच्याकडे पाहिलं आणि मग मान वळवून तो आईकडे बघत बसला. आई मेथी निवडत होती. पान खुडायचं, टोपलीत टाकायचं, काडी बाजूला. त्याची नजर त्या बोटांवर खिळली होती. मला वाटलं, बरोबर आहे की! जी वस्तू स्वतःच चालते, स्वतःच वळते, स्वतःच ओरडते, तिच्यात या पोरानं करायचं तरी काय? त्याच्यासाठी करणारे आधीच घरभर होते. आता माझ्या भाच्यांच्या पोरांसाठी काही घ्यायला दुकानात जाते तेव्हा हेच होतं. बटण दाबलं की गाय हंबरते, भाजी चिरल्याचा आवाज येतो, कढईतून खोटी वाफ निघते. दुकानातली मुलगी सांगते, मॅडम, यानं मुलांचा मेंदू वाढतो. मी म्हणते, बाई गं, याला एक खरी कोथिंबिरीची जुडी दिली तर? ती माझ्याकडे बघते आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे जाते.

तर मी ठरवलं, धोंडूसाठी आपण मागायला जायचं. पण असं काही मागायचं, ज्यात त्याचे हात लागतील. याला वहिनी हरकत घेऊ शकणार नव्हती, कारण नवसाची दुसरी बाजू अशी होती की मागून आणलेली वस्तू नाकारायची नाही. देणाऱ्या घराचा आशीर्वाद असतो तो. शिवाय देणाऱ्याला ही कुणाची, कुठून आली, असं विचारायचं नाही. पदर पसरायचा, मिळेल ते घ्यायचं, निघायचं. मला पदर नव्हता, मी ओढणी पसरली. धोंडूला कडेवर घेऊन गल्लीच्या टोकाला गावकरआजीकडे गेले. आजी एकटी राहायची, टोपलीत सुकट, जवळा घेऊन दारोदार विकायची, आणि तिच्या जिभेला सगळी गल्ली टरकून असायची.

"काय गो, काय होया?" ती म्हणाली.

"आजी, धोंडूला खेळायला काहीतरी द्या. जुनं, मोडकं, काहीही."

तिनं धोंडूकडे बराच वेळ पाहिलं. मग आत जाऊन पेटी उघडल्याचा आवाज आला. बाहेर आली ती हातात एक पितळेचा इवलासा गडू घेऊन. मोठ्या गडूसारखाच, तसाच फुगीर, तसाच गळा, फक्त पोराच्या दोन मुठींत मावेल एवढा. तिनं तो माझ्या ओढणीत टाकला आणि लगेच दार लोटून घेतलं. माझी जातच तशी चौकस, पण विचारायचं नाही म्हणजे नाही.

घरी आल्यावर आईला म्हटलं, याला बादलीजवळ बसवू का? आई माझ्यावर डाफरली. "बादली? डोकं ठिकाणावर आहे? वाकलं की पोर आत. परात घे, बोटभर पाणी घाल, आणि उठायचं नाहीस तिथून." मग मोरीजवळ परात, परातीत पाणी, एका बाजूला वाटी. मी एकदा गडू बुडवून वाटीत ओतून दाखवलं. धोंडू माझ्याकडे बघत राहिला, तोंड उघडून. मी काही केलं नाही. वहिनी दारात उभी, ओठ घट्ट मिटून. किती वेळ गेला कोण जाणे. मग त्यानं एक हात पुढे केला, मागे वळून वहिनीकडे पाहिलं, पकडते का ते बघायला. वहिनीचा हात हललाच होता, पण गडू मागून आणलेला होता, त्यामुळे ती काही करू शकत नव्हती. त्यानं गडू धरला. पहिलं पाणी मांडीवर, दुसरं माझ्या अंगावर, पुढचं कधीतरी वाटीत. वाटीत पाणी पडल्याचा आवाज ऐकून तो असा हसला, की मला रडूच आलं.

त्यानंतर मला नादच लागला. पण देताना डोकं लावावं लागतं, हेही मला कळत गेलं, आणि ते चुका करून कळलं. दळवीकाकूंनी मोटारीची भरपाई म्हणून डबाभर चिंचोके दिले. छान गुळगुळीत, मुठीत घेऊन या डब्यातून त्या डब्यात टाकायला. आईनं बघितलं आणि डबा उचलून फळीवर ठेवला. "हा नाकात घालेल, नाहीतर घशात. त्याच्या तोंडात मावतं ते त्याच्या हातात नाही." त्याऐवजी तिनं कांदे-बटाटे एका टोपलीत मिसळून दिले, हे इकडे, ते तिकडे. दुसऱ्या एका घरून एक झिजलेलं लाटणं मिळालं, एक टोक मोडलेलं. बाबांनी ते बेताचं कापलं आणि कड कानसेनं इतकी घासली की गालावरून फिरवली तरी खरचटू नये. आई पोळ्या करताना स्टोव्हपासून लांब एका पाटावर त्याला कणकेचा गोळा द्यायची. त्याची जी पोळी व्हायची तिला आकार कसला, काळपट रंगाचा कोकणचा नकाशाच तो. पण आई ती तव्यावर टाकायची आणि बाबा ती आधी खायचे. खोटं खोटं नाही, खरंच खायचे. मला वाटतं ते फार महत्त्वाचं होतं. पोराला कळतं हो, आपलं काम खरं आहे की आपली नुसती समजूत घालतायत.

आणि मेथी. मेथीसाठी कुणाकडे काही मागावं लागलं नाही. आईच्या शेजारी मांडी घालून बसायचा आणि एकेक पान खुडून टोपलीत टाकायचा, मधूनच काडी टाकायचा, मग ती शोधून बाहेर काढायचा. विमान आलं की आमच्यासारखंच बोट वर करून थांबायचा आणि गेलं की पुढचं पान. तोवर तो बोलायलाही लागला होता. पहिला स्पष्ट शब्द आई नव्हता, बाबा नव्हता. "मी" होता. भरवायला गेलं की "मी". टोपी घालायला गेलं की "मी". वहिनी त्याच्यापासून दोन हातांवर बसून राहायची, सगळा वेळ, काही शिवण वगैरे हातात न घेता, नुसती त्याला बघत. ती खूश आहे की घाबरलेली, मला कळायचं नाही. आता वाटतं, दोन्ही होती, आणि ते एकाच वेळी असणं फार दमवणारं असतं.

मग एक दिवस नळावर ते झालं. पाण्याला रांग होती, बायकांच्या गप्पा चालल्या होत्या, आणि दळवीकाकू म्हणाल्या, "गावकरआजीनं तुमच्या धोंडूला गडू दिला म्हणे? कमाल आहे! तिच्या गेलेल्या मुलाचा तो. लहानपणीच गेला बिचारा. कुणाला हात लावू देत नाही ती त्याला." वहिनीची कळशी अर्धी भरली होती, ती तशीच नळाखाली सोडून ती घरात आली. धोंडू परातीजवळ बसला होता. तिनं त्याच्या हातातला गडू हिसकावला, त्याला उचललं आणि चालू लागली. रागावली की ती मला वन्सं म्हणायची. "वन्सं, चला. तुम्हीच आणलात ना हा? चला माझ्याबरोबर." धोंडू तिच्या कडेवर हातपाय झाडत ओरडत होता, "माजा! माजा!" एवढा ओरडताना मी त्याला कधी ऐकला नव्हता. लोक दारांतून बघत होते. मी मेलेल्या मुलाची वस्तू या पोराच्या हातात दिली होती, आणि याला काही झालं असतं तर वहिनीच्या पुढे मी कधी उभी राहू शकले नसते.

गावकरआजी दारातच बसली होती. समोर जमिनीवर गोणपाट पसरून त्यावर सुकट निवडत होती. वहिनीनं गडू उंबऱ्यावर आपटला.

"सांगायचं तरी होतंत आजी! माझं हे असं पोर, नवसाचं, आणि तुम्ही त्याला... मेलेल्या मुलाचा गडू?"

आजी ओरडेल असं वाटलं होतं. ती ओरडली नाही. सुकटीतला एक खडा वेचून बाजूला टाकला. "व्हय. माझ्या झिलाचो गडू तो," ती म्हणाली. "देताना सांगूचा नसता गो, तुका म्हायत नाय? इतकी वर्सा पेटयेत होतो. त्या दिवशी तुझा पोर बघलंय, हात लुळे सोडून बसलेला. माझो झील दिवसभर त्या गडवान पाणी ओती. माका वाटला, हेचे हात तरी चालांदे." मग तिनं मान वर केली. "माझो झील तापान गेलो. गडवान नाय गेलो. तुका नको तर ठेव थंय."

वहिनी उभीच होती. आणि मग ती जे बोलली ते मी आजपर्यंत विसरले नाही. "माझी सुवर्णापण तापानंच गेली," ती म्हणाली. आणि उंबऱ्यावर खाली बसली. ते नाव तिच्या तोंडून, कुणाच्याही तोंडून, इतक्या दिवसांनी ऐकलं. "तिला मी सगळं दिलं होतं हो आजी. तिला मी काही कमी केलं नाही." ती रडायला लागली, गल्लीत, सगळ्यांसमोर, तोंडावर पदर न घेता. आजीनं सुकटीचे हात झटकले आणि तिच्या पाठीवरून एक हात फिरवला. "म्हायत असा गो माका," एवढंच म्हणाली. मी बाजूला उभी राहून रडत होते. आमच्या घरी एवढी माणसं, पण हे एवढं एक वाक्य आमच्यापैकी एकालाही तिला म्हणता आलं नव्हतं.

या सगळ्यात धोंडू तिच्या मांडीवरून कधी उतरला, ते आम्हा तिघींनाही कळलं नाही. त्यानं उंबऱ्यावरचा गडू उचलला. आत पाण्याचं पातेलं होतं, त्यात बुडवला. आणि दोन्ही हातांनी धरून, जीभ बाहेर काढून, पाऊल मोजल्यासारखं टाकत बाहेर निघाला. रडणाऱ्या माणसाला पाणी द्यायचं असतं, हे त्यानं कुठं पाहिलं असेल ते असेल. पण वाटेत गोणपाट होतं. त्याच्या घडीत पाय अडकला, तो बसकन खाली बसला आणि गडूतलं सगळं पाणी थेट सुकटीवर.

"मेल्या!" आजी किंचाळली. "माझी सुकट भिजवलंस! सगळी वाट लावलंस! थांब, पाठीत धपको घालतंय तुझ्या!"

आमच्या धोंडूवर जन्मापासून कुणी ओरडलं नव्हतं. कुणाची टाप होती? तो डोळे मोठे करून आजीकडे बघत राहिला. आणि वहिनीला हसू फुटलं. रडता रडताच, नाक ओढत, ती हसायला लागली. कारण आजी त्याच्यावर ओरडत होती ती गल्लीतल्या कुठल्याही द्वाड पोरावर ओरडावं तशी. नवसाच्या पोरावर नाही, आज ना उद्या हातचं जाईल अशा पोरावर नाही. सुकट भिजवणाऱ्या एका पोरावर.

हसता हसता तिचे हात पुढे झाले, त्याला उचलायला, नेहमीसारखे. मी बघत होते. पण ते हात अर्ध्यावर थांबले. तिनं दाराच्या खिळ्याला टांगलेलं आजीचं जुनं फडकं ओढलं आणि धोंडूच्या पुढे धरलं.

"पूस," ती म्हणाली.

तिनं स्वतःच्या हातानं त्याला दिलेली ती पहिली वस्तू. धोंडूनं फडकं घेतलं आणि गुडघ्यांवर बसून पुसायला लागला. थोडं पाणी पुसलं, बाकीचं दारभर पसरवलं. आजी ओली सुकट गोळा करत पुटपुटत होती. वहिनी कमरेवर हात ठेवून उभी होती, मधून मधून "तिकडं राहिलं बघ" म्हणत होती, आणि त्याचं पुसून होईपर्यंत ती तशीच उभी राहिली.